स्पेनची पाहुणी

पुण्यातून निघायला उशीर झाला तो माझ्यामुळेच. गाडीत बसल्यावर गॅस बंद केला का ते बघायला मी वर गेले, खाली आले, मग पाण्याची बाटली राहिली म्हणून पुन्हा वर गेले. मला एका जागी बसवत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशीची तगमग वेगळी होती. पुढच्या सीटवर पट्टा लावून एलेना शांत बसली होती आणि तिला माझ्या भावाच्या घरी, शिनोलीला, न्यायचं होतं.

एलेना म्हणजे माझा भाचा अमोल कॅलिफोर्नियात जिच्याशी लग्न करणार आहे ती. कंपनीच्या कामाला ती पुण्यात आली होती आणि अमोल तिकडेच अडकलेला होता. 'तुझ्या आईवडिलांना भेटल्याशिवाय मी परत येणार नाही,' असं तिनेच त्याला सांगितलं. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शोभे, पोरगी हाये कोण?"

"अमेरिकेची आहे."

"ती ऱ्हाती तिथं. हाये कोण?"

मी हाच प्रश्न एलेनाला विचारला, जरा अवघडूनच. ती म्हणाली, "चिकाना." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मेक्सिको म्हटलं की मका, आखात आणि ज्वालामुखी एवढं मला अजून घडाघडा सांगता येतं. हा शब्द मात्र माझ्या कुठल्याच नकाशावर नव्हता. दादाला मी सांगितलं, "भेटल्यावर बोलू."

चाकण, राजगुरुनगर मागे पडलं आणि मंचरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. पुढे कांद्याच्या गोण्यांनी वाकलेला ट्रॅक्टर, बाजूला दुधाचा टेम्पो, मधल्या फटीतून घुसणारे दुचाकीवाले. मी हॉर्न वाजवून घेतला, मग स्वतःलाच शिव्या दिल्या. एलेना काच खाली करून कांद्याचा वास घेत होती. तिचे आजोबा कॅलिफोर्नियातल्या शेतांवर मजुरीला होते, कांदा काढायचे, टोमॅटो तोडायचे. "हा वास आजोबांच्या शर्टाला यायचा," ती म्हणाली.

दादाचं दुकान बाजारपेठेच्या कडेला आहे. पाटी आहे 'शिवनेरी मोटार रिवायंडिंग'. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, दादा त्यांतली जळकी तार काढून नवी भरतो. पाटीवर मालकाचं नाव नाही. तीस वर्षं मंचरात त्याला सगळे 'शिनोलीकर' म्हणतात. आमचं आडनाव साळवे. आमच्या भागात आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. म्हणून दादाने गावाचं नाव पुढे केलं आणि आडनाव घरी ठेवलं.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे बबनशेठ दुकानात चहा घेत बसले होते. हे कांदा-बटाट्याचे अडते, मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. एलेनाने हात जोडून 'जय भीम' म्हटलं. अमोलने तिला ते शिकवलं होतं, घरी गेल्यावर म्हणायचं म्हणून. दादाचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. "या, या, बसा," करत त्याने घाईने स्टूल पुढे ओढलं.

बबनशेठनी तिच्याकडे नीट बघितलं. गव्हाळ वर्ण, काळेभोर केस. "पावणी कुठली म्हणायची, शिनोलीकर? आपल्यातलीच दिसती."

"स्पेनची," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघताच. "स्पॅनिश हायेत. युरोप."

"आरं तिच्या! लई लांबची की राव."

एलेनाला मराठी येत नाही, पण 'स्पॅनिश' कळायला मराठी कशाला लागते? तिने हातातला चहा खाली ठेवला. मीही गप्प बसले, कारण दुसऱ्याच्या दुकानात त्याला खोटं पाडायचं कसं ते मला सुचलं नाही. दादा म्हणाला, तुमी जुन्नर बघून संध्याकाळी घरी या, मी येतोच. आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाला, "उद्या विहारात बी हेच सांगू. बरं पडतं."

आमच्या शिनोलीच्या विहारात तशी रीत आहे. घरात नवी सोयरीक जुळली की रविवारी वंदना झाल्यावर घरातला कर्ता उभा राहतो आणि येणारं माणूस कोण, कुठलं, ते सगळ्यांना सांगतो. तिथे एकदा सांगितलं की ते पक्कं. पुढे लग्नात, बारशात, मरणातही तीच ओळख चालते.

नारायणगाव आलं तेव्हा एलेना खिडकीबाहेर बघायची थांबून माझ्याकडे वळली. मग विचारलं, "त्यांनी असं का सांगितलं?"

मी टाळाटाळ केली. म्हटलं, इकडे लोकांना स्पेन माहीत आहे, तुझा शब्द माहीत नाही. ती म्हणाली, "माझी आजी तेच सांगायची. सगळ्या गल्लीला. आम्ही स्पॅनिश आहोत." आणि पुन्हा बाहेर बघत बसली. मला गाडी थांबवून उतरावंसं वाटत होतं आणि पळवावंसंही वाटत होतं.

थांबवणं गाडीनेच केलं. येडगावच्या धरणाकडे वळलो आणि इंजिनातून वाफ यायला लागली. पाणी संपलं होतं. निघताना मी सगळं तपासलं होतं, हे सोडून. धरणाच्या कडेला ओसरलेल्या पाण्याच्या ओल्या गवतावर थोडी मेंढरं चरत होती. त्यांच्यामागे एक बाई काठी टेकून उभ्या होत्या, हिरवं लुगडं, डोक्यावर टॉवेल. त्यांनी कळशीभर पाणी आणून दिलं आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका असं दटावलं.

मग नेहमीचा प्रश्न आला. "पावणी कुठली?"

मी एलेनाकडे बघितलं. ती म्हणाली, चिकाना. मी तेच सांगितलं.

"म्हंजी काय गं बाई?"

झाकण गार होईतो वेळ होताच. एलेना सांगत गेली आणि मी मराठी करत गेले. शब्द कुठून आला ते कुणालाच नक्की माहीत नाही, ती म्हणाली. बरेच जण मानतात की मेक्सिकोतले मूळचे लोक स्वतःला 'मेशिका' म्हणायचे. त्यावरून 'मेशिकानो', आणि खेड्यातल्या बोलीत पुढचं अक्षर गळून 'शिकानो', मग 'चिकानो'. बाई असेल तर चिकाना. काहींना हे पटत नाही, ते दुसरंच सांगतात. पण शब्द वापरायचे कशासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. गरीब मजूर, अडाणी, ना इथला ना तिथला, अशा माणसाला हिणवायला. गोरे कमी, आपलेच बरे पैसेवाले मेक्सिकन लोक जास्त वापरायचे. मग तिची आई कॉलेजात असताना पोरापोरींनी तोच शब्द उचलला आणि म्हणाले, होय, आहोत आम्ही तेच. इथेच जन्मलो, आमची मुळं तिकडची आहेत, कुणाची परवानगी मागणार नाही. तिच्या आईने जाकिटाच्या पाठीवर तो शब्द रंगीत दोऱ्याने भरला. आजीने ते जाकीट लपवून ठेवलं.

"आणि सगळे म्हणवतात का तसं?" मी माझ्यासाठी विचारलं.

"छे. माझे वडील अजून म्हणत नाहीत. ते म्हणतात, मी मेक्सिकन, संपलं. त्यांच्या कानाला तो शब्द अजून शिवीच वाटतो. सरकारी कागदांवर आणखी वेगळे शब्द असतात, ते कुणी आमच्या घरात वापरत नाही."

मेंढरंवाल्या बाईंनी सगळं ऐकून मान हलवली. "आमी धनगर. मालकांनी निम्मी मेंढरं इकली, कांदा लावला, पोरगं कंपनीत गेलं. आता वाघर (रात्री मेंढरं कोंडायचं जाळं) बी माळ्यावर पडलीया. तरी कुणी इचारलं तर धनगरच सांगतो. दुसरं काय सांगावं?" मग एलेनाच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "हिला सांग, आपलं नाव आपुनच सांगायचं. लोकं सांगाया लागली की कायबी सांगत्यात."

मी ते भाषांतर केलं. एलेना म्हणाली, "उद्या त्यांनी सगळ्यांसमोर स्पॅनिश म्हटलं तर मी उठून उभी राहीन आणि सांगेन की नाही. मला त्यांचा अपमान करायचा नाही. पण मी त्या नावाने ह्या घरात येणार नाही."

पोरगी उभी राहिली तर दादाची भर विहारात शोभा, आणि नाही राहिली तर ती अमोलच्या आयुष्यातून जाणार. मधे मी, दोन्ही भाषा येणारी.

जुन्नरला लेणी बघायची ठरली होती म्हणून बघितली, पण माझं लक्ष नव्हतं. लेण्याद्रीच्या पायऱ्या मी इतक्या भरभर चढले की वर जाऊन धापा टाकत बसले. बौद्ध भिक्खूंच्या विहारात आता गणपती आहे, माणसं फुलं घेऊन येतात, आणि शेजारच्या चैत्यात स्तूपापुढे एलेना एकटीच उभी होती. मी तिला सांगितलं की जुन्नरच्या ह्या लेण्यांमध्ये काही दान परदेशी माणसांनी दिलेलं आहे. इथले लोक त्यांना 'यवन' म्हणायचे आणि त्यांनी दगडात कोरतानाही आपल्या नावाआधी 'यवन' असंच कोरून घेतलं. "म्हणजे दुसऱ्यांनी दिलेला शब्द?" तिने विचारलं. असावा, मी म्हटलं. तिला तो कोरलेला दगड लगेच बघायचा होता. तो नेमका कुठल्या डोंगरात ते मला आठवेना आणि मी चिडले, तिच्यावर नाही, स्वतःवर.

घोडेगावच्या रस्त्याने शिनोलीला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सुमनवहिनी दारातच होत्या. त्यांनी एलेनाला ओवाळलं नाही की काही नाही, सरळ पोटाशी धरलं आणि चुलीपाशी नेलं. मासवडीचा (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून कापलेल्या वड्या) बेत होता आणि सोबत झणझणीत रस्सा. "ह्यांच्याकडंबी मक्याची भाकर असती म्हणं, जमंल तिला," असं म्हणत वहिनींनी पिठाचा गोळा तिच्या हातात दिला. एलेनाने थापायला सुरुवात केली आणि भाकरीचे तीन तुकडे झाले. "आमच्याकडे दुकानात पाकीट मिळतं," तिने कबूल केलं. वहिनी पदराला डोळे पुसेपर्यंत हसल्या. रस्सा मात्र ती वाटीवर वाटी ओरपत होती.

दादा आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. जेवण होईतो मी कशीबशी कळ काढली. मग सांगून टाकलं, "दादा, उद्या स्पॅनिश म्हणू नकोस. ती उभी राहील."

"आगं पण काय म्हणू? मेक्सिकोची म्हटलं की लोकांना टीव्हीवरची ती अमेरिकेच्या हद्दीची भिंत दिसती. पळून आलेली माणसं दिसत्यात. इचारतील, कोण हायेत, काय धंदा, का पळाले. मला ते इचारणंच नको." त्याचा आवाज चढला. "तुला न्हाई कळायचं. तू पुण्यात ऱ्हातीस. मी दुकान घेताना तीन जागी आडनाव सांगितलं आन तिन्ही जागा दुसऱ्याला गेल्या. चौथ्या जागी शिनोलीकर म्हणालो, चावी मिळाली. तवापासनं कुणी इचारायच्या आधीच सांगून टाकतो. ह्या पोरीला बी तेच सोपं पडंल."

मी हे सगळं एलेनाला सांगितलं, काही न गाळता. ती दादाकडे बघून म्हणाली, "माझ्या आजीलाही घर तसंच मिळालं." दादाने मान खाली घातली.

मग वहिनी भांडी घासता घासता म्हणाल्या, "मामांच्या पायाचं सांगा की तिला."

मामा म्हणजे वहिनींचे सासरे, आमचे वडील, आबा. छप्पन साली बौद्ध झाले तेव्हा आबा तरणे होते. त्या दिवसापासून जुन्या जातीच्या नावाने कुणी हाक मारली की ते ओ देत नसत. तोंड फिरवून पुढे जात. गावातल्या काही लोकांना ह्याची मजा वाटायची, मुद्दाम मागून ओरडायचे. एकदा उतारावर बैलगाडी सुटली. गाडीवाला जिवाच्या आकांताने तेच नाव घेऊन ओरडला, बाजूला हो म्हणून. आबांना वाटलं नेहमीचंच आहे. ते वळले नाहीत. चाक पायावरून गेलं आणि आबा शेवटपर्यंत लंगडत चालले. आमच्या घरात ही गोष्ट हसत सांगतात. आबा स्वतःही हसत सांगायचे. "पाय गेला, पर ओ न्हाई दिली," असं.

दादाने ती गोष्ट त्या दिवशी हसत सांगितली नाही. मधेच थांबला, उठला, अंगणात जाऊन उभा राहिला. एलेनाने मला विचारलं, "ते रडतायत का?" मी म्हटलं, "हो." मीही रडत होते.

रविवारी सकाळी विहारात पन्नासेक माणसं होती. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, पोराटोरांची चुळबूळ. माझा पाय सारखा हलत होता, वहिनींनी हात ठेवून तो दाबून धरला. वंदना झाली. एलेनाने पाठ केलेलं त्रिशरण सगळ्यांबरोबर म्हटलं. मग दादा उभा राहिला. एलेनाने मांडी मोडून एक पाय खाली टेकवला, उठण्याच्या तयारीत.

"ह्या एलेना," दादा म्हणाला. "आमच्या अमोलची व्हणारी बायकू. ह्या चिकाना हायेत."

मागून एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हंजी कोण रं, दिनकर?"

दादा घुटमळला. "म्हंजी असं, तात्या. ह्यांच्या लोकांना एका नावानं हिणवायचे. तेच नाव त्यांनी उचललं आन मान वर करून सांगाया लागले. आपल्या बापांनी हिणवायचं नाव टाकलं आन नवं घेतलं. त्यांची वाट येगळी, आपली येगळी. पर दोगांनीबी सोताचं नाव सोता ठरीवलं."

तात्या म्हणाले, "मंग आपल्यातलीच की." आणि सगळ्यांचं संमतीचं 'साधू, साधू, साधू' झालं. एलेनाचा पाय पुन्हा मांडीखाली गेला. मी तिच्या कानात सगळं सांगितलं तेव्हा तिने दादाच्या पायांना हात लावला. असं कुणी तिला शिकवलं नव्हतं आणि आमच्या दादाला ते आवडतही नाही, पण त्याने लावू दिला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण परतीला दादा आमच्याबरोबर मंचरपर्यंत आला, बाजारचा दिवस, दुकान उघडायचं होतं. घोडेगाव गेलं तसा तो गप्प होत गेला. मला कळत होतं का. विहारात सगळे आपलेच होते.

दुकानाचं शटर वर गेलं न गेलं तोच बबनशेठ चहाचे ग्लास घेऊन हजर. "काय शिनोलीकर, चालली का तुमची स्पेनची पावणी?"

मी गाडीची किल्ली मुठीत आवळून धरली. बोलू नकोस, मी स्वतःला बजावलं, हे तुझं नाही. दादा हातातल्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं बाजूला ठेवून सरळ उभा राहिला.

"स्पेनची न्हाई, शेठ. चिकाना हाये. मेक्सिकोच्या लोकांतली. आन आमी बौद्ध. साळवे."

रस्त्यावर टेम्पो, हमाल, कांद्याच्या गोण्या, सगळं चालूच होतं. बबनशेठ हसले, अगदी मोकळेपणाने. "आरं मला म्हाईत न्हाई व्हय? पयल्या वर्षापासनं म्हाईत हाये. सगळ्या पेठंला म्हाईत हाये."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हाईत व्हतं, तर दर दिवाळीला फराळ देताना 'आडनाव काय म्हणालात' असं का इचारायचा?"

बबनशेठचं हसू गेलं. त्यांनी ग्लास उचलला, त्यात बघितलं, तसाच खाली ठेवला. "आसंच आपलं," ते म्हणाले. "गमतीनं." आणि गल्ल्यावर कुणी नाही असं काहीतरी पुटपुटत आपल्या गाळ्याकडे गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

हायवेला लागल्यावर एलेनाने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तीस वर्षं एक माणूस लपवत होता आणि दुसरा ते माहीत असून रोज बघत होता. ती म्हणाली, "आजीच्या गल्लीलाही माहीत असणार." आणि राजगुरुनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. ह्या खेपेला मला गाडी पळवावीशी वाटली नाही. चिकाना म्हणजे कोण, हे मला दादाला फोनवर सांगायचं होतं आणि ते मला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही. शब्द कुठून आला याचे वाद चालू राहतील. दोन दिवसांत मला एवढंच दिसलं की तो उच्चारताना ही मुलगी डोळे खाली करत नाही. माझ्या भावानेही ते भर पेठेत करून बघितलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

चार दिवसांनी एलेना परत गेली. त्याच आठवड्यात संध्याकाळी दादाचा फोन आला. आधी अमोलचं, मग मोटारींचं, मग थंडीचं बोलून झालं. काहीतरी सांगायचंय आणि सांगत नाही, हे मला कळत होतं. मी फोन घेऊन खोलीभर फिरत होते.

"बबनशेठ आज बोलला," तो शेवटी म्हणाला. "इतके दिस दुकानाकडं फिरकला न्हवता. आज त्याची मोटार जळली. बाहेर उभा ऱ्हायला. आत येईना. मला वाटलं आता हा शिनोलीकर म्हननार."

"मग?"

"ओ साळवे, म्हणाला. भर पेठंत. मोठ्यानं."

"मग तू काय केलंस?"

पलीकडे दुकानातल्या घरघरीचा आवाज येत होता.

"मंग काय," तो म्हणाला. "ओ दिली."